मिरज स्टेशनजवळ झोपणारी दोन पोरं, मोठा पितो, बारका सोल्युशन हुंगतो. माहिती असेल त्यांनी सांगा

अन्नपूर्णा_मिरज

नमस्कार. आमची मिरजेत स्टेशन रोडला छोटी खानावळ आहे, मी आणि सासूबाई मिळून चालवतो. गिऱ्हाईक म्हणजे दुपारी दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांचे नातेवाईक, त्यात निम्मे कर्नाटकातले, आणि रात्री रेल्वेची माणसं. रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवलं की कोण कोण येतं ते तुम्हाला माहितीच आहे.

पावसाळ्यापासून दोन पोरं यायला लागलीत. मोठा एकोणीस-वीसचा असेल, मिसरूड नीट फुटलंय, भांडी घासतो. काम एक नंबर. आमटी लागून करपलेलं पातेलं असं काढतो की सासूबाई ते उलटं करून सगळ्यांना दाखवतात. पण देशी पितो, रोज. सकाळी आला तर हात इतके थरथरतात की चहाचा ग्लास टेबलावरनं उचलत नाही, दोन्ही हातांनी धरून तोंडच खाली नेतो. तोच संध्याकाळी थोडी लावून आला की हात एकदम स्थिर.

बारका तेरा-चौदाचा. शर्टाच्या बाहीत कायम एक फडकं असतं आणि त्याला पंक्चरच्या सोल्युशनचा वास. तोंडाभोवती पुरळ. मोठा त्याला भाऊ म्हणतो पण सख्खे नाहीत, बारक्याची भाषा मराठवाड्याकडची वाटते, ऊसतोडीला आलेल्या टोळीतनं मागं राहिला असेल असा आपला माझा अंदाज. दोघं फलाटावर नाहीतर दवाखान्याच्या भिंतीकडंला झोपतात. सासूबाई बारक्याला चपाती-भाजी देतात तर तो फुकट घ्यायला तयार नाही, म्हणतो मी पण ताटं धुतो.

आता अडचण अशी आहे की मिस्टर म्हणतात दोघांना लांब ठेव, शेजारचा पानवाला म्हणतो गिऱ्हाईक तुटंल, आणि मला दोन्ही पटत नाही. माझ्या डोक्यात असं होतं की मोठ्याला सांगायचं, बाबा आठ दिवस दारू सोडून दाखव, मग तुला पर्मनंट ठेवते आणि मागच्या खोलीत झोपायला पण जागा देते. हे बरोबर आहे का? पगार रोजचा रोज रोख देऊ का साठवून? एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला होता तर पहिलाच प्रश्न, नातेवाईक कोण सही करणार आणि ॲडव्हान्स किती भरणार. पोरगा म्हणतो माझं कोण नाही. मग अशा पोरांचं करायचं काय?

हळदबाजार

ताई, तुमचं मन मोठं हाय यात वाद नाही, पण मी मार्केट यार्डात हमालांबरोबर रोज असतो म्हणून सरळ बोलतो, राग मानू नका. उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊ नका. एकदा उचल दिली की माणूस पण जातो आणि पैसा पण. गल्ल्याजवळ बसवू नका, किल्ली देऊ नका, आणि घरात तरण्याताठ्या पोरी असतील तर मागच्या खोलीचा विषय काढूच नका.

दुसरं म्हणजे आपला जिल्हा आता पहिल्यासारखा राहिला नाही. २०२४ ला कुपवाडमध्ये पुणे पोलिसांनी एमडीचा (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा) साठा पकडला, त्याच्या मागोमाग कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला कारखाना सापडला, नंतर विट्याजवळ कार्वेला एमआयडीसीत. ही पोरं कुणाचा माल पोचवत असतील तर तुमची खानावळ पेपरात येईल. मी तर म्हणतो पोलिसात कळवून मोकळं व्हा.

विश्रामबागकर

@हळदबाजार उचल आणि किल्लीचं पटलं, पण एमडीचं इथं कुठं आणता? करपलेलं पातेलं घासून जेवणारा पोरगा एमडी कशाला घेईल, परवडतं कुणाला. सोल्युशनची ट्यूब पंक्चरवाल्याकडं नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मिळते, कोण विचारत पण नाही कशाला पाहिजे. केंद्र सरकारनं एम्सकडून देशभर नशेची पाहणी करून घेतली होती, २०१९ ला अहवाल आला, आम्हाला एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदवीला) अभ्यासाला होता. त्यात बाकी सगळ्या नशा मोठ्यांत जास्त, फक्त हुंगायच्या नशेचं प्रमाण पोरांत जास्त निघालं, १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. ही नशा रस्त्यावरच्या पोरांची का, तर स्वस्त, आणि भूक मारते. थंडीत फडकं नाकाला लावलं की पोट मागत नाही. त्यामुळं सासूबाईंची चपाती-भाजी हा पण उपचारच आहे समजा.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, मी नर्स आहे, मिरजेतच, कुठल्या दवाखान्यात ते सोडा. तुमची पोस्ट ड्युटीवर असताना वाचली आणि आठ दिवसांचं वाचून काळजाचा ठोका चुकला. मोठ्याला एकदम दारू बंद कर असं सांगू नका. सकाळी ग्लास उचलता येत नाही आणि थोडी घेतल्यावर हात थांबतात, याचा अर्थ त्याचं शरीर दारूवर चाललंय. असा माणूस अचानक बंद करतो तेव्हा सहा-आठ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. उपचार नाही मिळाले तर यात माणूस जातो. लोकांना वाटतं दारू पिऊन मरतात, पण सोडताना पण मरतात, आमच्याकडं गणपतीत आणि श्रावणात असे पेशंट येतात. श्रावण पाळतो म्हणून एका दिवसात बंद केलेली असते आणि घरचे म्हणतात अंगात आलंय.

म्हणजे सोडायची असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली. थरथर आणि फिट रोखायला काही दिवस गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करतात, आणि बी-१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात. हे बी-१ महत्त्वाचं. पिणारी पोरं जेवत नाहीत, अंगात ते उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळं कुठल्याही दवाखान्यात नेलं तरी हा रोज पितो हे पहिल्यांदा सांगायचं, लाजेखातर अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावून आणायचं नाही.

तुमच्यासमोर फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूची भांडी बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. किती वेळ चालली ते घड्याळात बघा, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा पहिलीच फिट असेल किंवा पाठोपाठ दुसरी आली तर १०८.

आता बारका. सोल्युशनच्या नशेत असताना त्याच्यामागं कुणीही पळायचं नाही, अंगावर ओरडायचं नाही, दम द्यायचा नाही. पानवाल्याला पण सांगून ठेवा. त्या वासातले द्रव हृदयाचं ठोक्यांचं गणित बिघडवतात आणि त्यात अचानक भीती किंवा धावपळ झाली की हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं, धडधाकट पोरगं, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. शांत आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, झोपला तर कुशीवर. आणि तुमच्याकडं गॅस पेटलेला असतो! फडकं घेऊन तो शेगडीजवळ आला नाही पाहिजे, ते पेट्रोलसारखं पेटतं.

तोंडाभोवतीचं पुरळ सोल्युशननंच येतं. अजून एक बघा, चालताना त्याच्या पायातली चप्पल निसटली तर त्याला कळतं का? यातल्या काही द्रवांनी पायाच्या शिरा खराब होतात, आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पाऊल नीट उचलत नाही. असं काही दिसलं तर थांबू नका. सोल्युशन सोडवायची वेगळी गोळी नसते, पण दारूसारखा अचानक बंद केल्याचा धोका सहसा नसतो, लवकर बंद झालं तर बरंच भरून येतं.

पलूसचा_पाव्हणा

सरळ घरचा पत्ता काढून घरी नेऊन सोडा की. आईबाप शोधत असतील.

कोर्टकचेरी

@पलूसचा_पाव्हणा दादा, घरी सोडण्याआधी पोरगं घरातनं का निघालं ते विचारावं लागतं. सावत्र बाप पट्ट्यानं मारतो म्हणून पळालेल्या पोराला त्याच घराच्या दारात नेऊन उभा करणारे सज्जन लोक मी बालकल्याण समितीसमोर बरेच बघितलेत. पुढच्या महिन्यात पोरगं परत स्टेशनवर, यावेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या.

ताई, मी वकिली करते, सांगलीत. तुमच्या पोस्टमध्ये दोन पोरं आहेत पण कायद्याच्या दृष्टीनं या दोन पूर्ण वेगळ्या केसेस आहेत, म्हणून वेगळं वेगळं सांगते.

बारका १८ च्या आतला, म्हणजे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं तो काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. गुन्हेगार नाही, हे पोलिसाला पण सांगायची वेळ येते कधीकधी. असं एकटं मूल सापडलं की २४ तासांत कळवायचं ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे, न कळवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरवायला सांगत नाही, पण "आम्ही आपलं खायला घालतो" एवढ्यावर ठेवता येत नाही. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्री पण चालतो. स्टेशनच्या आवारात असेल तर आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) किंवा रेल्वेची हेल्पलाइन १३९. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं येतात, समितीसमोर नेतात, वैद्यकीय तपासणी होते, घरचा शोध आणि घर सुरक्षित आहे का याची चौकशी होते, तोवर बालगृह. समितीला व्यसनाचं तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्या, म्हणजे उपचाराचा आदेश निघायला सोपं जातं.

आणि त्याच्याकडनं ताटं धुवून घेऊ नका. जेवणाच्या बदल्यात असलं तरी नको. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणं बंदच आहे, आणि त्याचं वय नक्की किती हे तुम्हाला माहिती नाही. त्याला मान राखून जेवायचंय हे मला कळतं, सासूबाईंनी त्याला म्हणावं, ताटाच्या बदल्यात रोज दुकानाची पाटी वाचून दाखव. त्याला वाचता येत नसेल तर सासूबाईंनी शिकवावं, तेवढंच.

सोल्युशन किंवा कुठलीही नशा पोराच्या हातात कोण देतंय हे कळलं तर ते पण सांगा. याच कायद्याचं ७७ कलम आहे, मुलाला दारू, अंमली पदार्थ, तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

मोठा. आधी त्याचं वय खरंच १८ पूर्ण आहे का? रस्त्यावर राहणारी पोरं बालगृहाच्या भीतीनं वय वाढवून सांगतात. शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला निघाला तर तो, नाहीतर समिती वैद्यकीय चाचणी करून घेते. १८ च्या वर असेल तर मात्र समितीचा संबंध संपला, आणि खरा घोळ इथंच आहे. सतरा वर्षं अकरा महिन्याच्या पोरासाठी अख्खी यंत्रणा आणि पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी काही नाही. बालगृहात वाढलेला असेल तर १८ नंतर २१ पर्यंत, काही बाबतीत २३ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतनं बाहेर पडल्यावरच्या मदतीची सोय कायद्यात आहे, म्हणून तो कुठल्या संस्थेत होता का हे नक्की विचारा. पुष्कळ पोरं होती पण सांगत नाहीत.

नातेवाईकाच्या सहीचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळं होणारे मानसिक आजार आजार म्हणून धरलेत, आणि सज्ञान माणूस स्वतःच्या सहीनं भरती होऊ शकतो, कलम ८६. नातेवाईक लागत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारात त्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस, म्हणून तो कुणाही सज्ञान माणसाला नेमू शकतो, साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, तुम्हाला पण नेमू शकतो. त्यामुळं "सही कोण करणार" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारायचं की कलम ८६ मध्ये का घेत नाही. पैसे भरायचं मात्र कायदा काही करत नाही, म्हणून आधी सरकारी बघा. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, बेवारस आणि गरीब पेशंटचं त्यांच्याकडं असतं, डॉक्टरच्या आधी त्यांना गाठा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं पण आहेत, जवळचं कुठलं ते १४४४६ वर विचारा, फोन फुकट आहे.

खासगी केंद्र बघायची वेळ आलीच तर नोंदणी विचारा, डॉक्टर किती दिवसांनी येतो विचारा, आणि आतल्या माणसाला बाहेर फोन करू देतात का ते विचारा. एका केंद्रात पोराला खाटेला साखळीनं बांधलेलं मी स्वतः बघितलंय. कायद्यानं साखळी बांधायला सक्त मनाई आहे.

हळदबाजार

कलमाबिलमाचं ठीक हाय मॅडम, पण पोरगं चार दिवसांनी बाहेर आलं की परत त्याच भिंतीकडंला झोपणार. मग काय उपयोग? आमच्याकडं दोन हमाल जाऊन आले केंद्रात, महिन्यात परत सुरू.

साताराएसटीस्टँड

हळदबाजार साहेब तुम्ही एकदम बरोबर जागी बोट ठेवलंय फक्त निष्कर्ष उलटा काढताय. मी साताऱ्याचा, एकविसाव्या वर्षापासून एसटी स्टँडवर झोपायचो, आधी देशी मग झोपेच्या गोळ्या ज्याला आम्ही बटन म्हणायचो मग दोन्ही एकत्र (सिस्टर सांगतील, दोन्ही एकत्र घेतलं की श्वास बंद पडतो, माझ्या शेजारी झोपणारा एक सकाळी उठलाच नाही). आता बरा आहे, लग्न झालंय, रिक्षा आहे.

लोकांना वाटतं आम्ही मजा म्हणून पितो. स्टँडवर शुद्धीत झोपून बघा एकदा. डास, थंडी, रात्री दोनला झाडूवाला पाणी मारतो, तीनला पोलिसाची काठी, आणि कोण तुमच्या अंगावर हात टाकील याची भीती वेगळीच, ती पोरांना पण असते हे कुणी बोलत नाही. दारू ही आमची झोप होती. मग डॉक्टर म्हणतो दारू बंद कर, पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून देतो, आणि मी त्या गोळ्या ठेवायच्या कुठं? खिशात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी मारतो, चप्पल मारतात तिथं गोळ्या काय. मला मिळालेली पहिली पट्टी चोरीला गेली, दुसरी मी स्वतः विकली.

स्टँडच्या बाहेर सायकल स्टँडवाले एक काका होते, त्यांनी एक गोष्ट केली, माझं बोचकं त्यांच्या टपरीत ठेवून घेतलं. पितोस का सोडलीस का काही नाही. फक्त टपरीत पिऊन यायचं नाही आणि आलास तर उद्या ये, एवढाच नियम. पुढं गोळ्या पण त्यांच्याकडंच राहिल्या, रोज सकाळी एक आणि रात्री एक हातावर द्यायचे आणि समोर गिळायला लावायचे. मग परिवर्तनला गेलो, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेलं केंद्र, तिथनं आल्यावर पण परत प्यालो, आणि परत काकांकडं गेलो तर त्यांनी बोचकं फेकून दिलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा टिकलं. त्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेल्या गटाच्या) मीटिंगचा मोठा वाटा, फुकट असते, नाव पण पूर्ण सांगावं लागत नाही, सांगली-मिरजेत पण मराठीत होतात.

म्हणून ताई तुमची ती अट, आधी आठ दिवस सोड मग जागा देते, ती उलटी करा. आधी जागा. मागची खोली नसेल द्यायची तर नका देऊ, बायकामाणसांचं घर आहे, समजू शकतो. पण एक डबा, एक खुंटी, एक कोपरा जो त्याचा आहे. केंद्रातनं आल्यावर परत त्याच भिंतीकडंला झोपणार असेल तर हळदबाजार साहेब म्हणतात तसंच होणार, शंभर टक्के.

विश्रामबागकर

+१. याच्यावर जगभर भांडण झालंय. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून काही लोकांनी असंच उलटं केलं, व्यसन सोडायची अट न घालता आधी खोली दिली, बाकीचं नंतर. फिनलंडनं २००८ पासून तेच सरकारी धोरण केलं आणि तिथली बेघरांची संख्या बरीच कमी झाली. आपल्याकडं पैसा तेवढा नाही हे खरं, पण शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष ठरलेला आहे, दर एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ लाच पाच लाखांच्या वर होती, म्हणजे हिशोबानं पाच तरी पाहिजेत. महापालिकेत विचारा कुठं जागा आहे. पिऊन गेला तर दारात अडवतील, त्यामुळं पहिल्यांदा नेताना दुपारी न्या, आणि तुम्ही स्वतः बरोबर जा. आधार कार्ड नसेल तर निवाऱ्याच्या प्रमुखाच्या ठराविक नमुन्यातल्या पत्रावर काढता येतं, सहीशिक्क्यासकट.

पगाराचं म्हणाल तर सगळा रोख रोजचा रोज हातात देऊ नका, पण दाबून पण ठेवू नका, तो त्याचा पैसा आहे. वही घाला, रोज त्याच्यासमोर लिहा, त्याची सही किंवा अंगठा घ्या, थोडे हातखर्चाला द्या आणि बाकी बँकेत. कागद नसले तरी फोटो आणि सही-अंगठ्यावर बँकेत छोटं खातं निघतं, पन्नास हजारांपर्यंत शिल्लक आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात. बँकवाला नाही म्हणेल. मॅनेजरला भेटा.

हळदबाजार

वहीचं मान्य. आणि सायकल स्टँडवाल्याचं वाचून जरा गप्पच झालो. आमच्या गोदामात रात्री वॉचमन असतो, त्याच्याजवळ एक लोखंडी पेटी पडून हाय, कुलपासकट. लागत असेल तर पाठवतो मिरजेला. किल्ली त्याच्याकडंच राहू दे, माझा आधीचा किल्लीचा सल्ला गल्ल्यापुरता होता.

अन्नपूर्णा_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून मग करायला घेतलं म्हणून उत्तराला उशीर.

१०९८ ला फोन केला. बारका आधी पळायला बघत होता पण सिस्टरनी सांगितल्याप्रमाणं कुणी मागं लागलं नाही, सासूबाई नुसत्या त्याच्याशेजारी पायरीवर बसून राहिल्या आणि शेंगा फोडत राहिल्या, त्यात तो थांबला. बाई आल्या होत्या त्या चांगल्या होत्या, हिसकाहिसकी नाही. समितीसमोर नेलंय, मी लेखी दिलंय, चप्पल निसटल्याचं त्याला कळत नाही ते पण लिहिलं, खरंच कळत नव्हतं. आईबाप तोडीचेच निघाले पण आता कुठल्या कारखान्यावर आहेत ते शोधायचंय.

मोठा चिडलाय. म्हणतो तुम्ही भावाला पकडून दिलं. भांडी घासायला येतो पण बोलत नाही. पेटी आली हळदबाजार दादांची, ती भांड्यांच्या फडताळाखाली ठेवली, किल्ली त्याला दिली. काय ठेवलंय माहिती नाही, मी विचारलं नाही. मिस्टरांनी खोलीला नाही म्हणलं ते नाहीच, त्यामुळं निवाऱ्याचं बघतेय.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. बारक्याला भेटायला मोठ्याला नेता येईल का? आणि काल तो एकदम म्हणाला की दवाखान्यात येतो, पण सोमवारी. सोमवारपर्यंत दारू घेऊ दे का बंद करायला सांगू?

कोर्टकचेरी

समितीकडं अर्ज करा, परवानगी मिळते. अर्जात लिहा की मुलाला हा जवळचा वाटतो, मुलाची इच्छा समितीला विचारात घ्यावी लागते. जाताना प्यालेला नसावा, नाहीतर गेटवरनंच परत पाठवतील आणि पुढचं अवघड होईल. चिडला तर चिडू दे, तो येतोय ना.

रात्रपाळी_सिस्टर

सोमवारपर्यंत बंद करायला लावू नका, वाढवू पण नको म्हणावं, जेवढी घेतो तेवढीच. पोटभर जेवायला घाला. दारूबरोबर दुसऱ्या गोळ्या घेतो का ते विचारून ठेवा, डॉक्टर विचारतील. सोमवारच्या आत झटका आला, असंबद्ध बोलायला लागला किंवा ताप आला तर सोमवारची वाट बघायची नाही, १०८.

ओपीडीला सकाळी लवकर या, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो आणि तेवढ्यात त्याची थरथर सुरू होईल. मानसोपचाराची ओपीडी मिरजेला आहे का सांगलीला ते खिडकीवर आधी विचारून घ्या, उगाच दोन्हीकडं हेलपाटा नको. रांगेत तुम्ही उभ्या राहा, त्याला सावलीला बसवा, बरोबर पाण्याची बाटली आणि काहीतरी गोड ठेवा. रांगेत उभा राहवेना, घाम फुटला तर तसंच बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला नेऊन रोज पितो आणि सकाळपासून घेतली नाही असं सांगा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर थोड्या थोड्या दिवसांच्या द्यायला सांगा, त्या पेटीत नको, तुमच्याकडं.